मसुदा क्रमांक सात

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही.
कायद्याची मनाई आहे,
आणि मी तर तेच शिकवते, दर बुधवारी, तिसऱ्या वर्षाला,
ऐच्छिक विषय, सात विद्यार्थी.

शनिवारी कोर्ट सुटलं की आम्ही सदरला जमतो,
कुंदा मेंढेच्या ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. आत कूलर,
वाळ्याच्या ताटीचा ओला वास,
आणि कागद उडू नयेत म्हणून पानापानावर काहीबाही:
पंच मशीन, चष्म्याचं घर,
नासिर काझींचा रिकामा डबा.
काझींनी चाळीस वर्षं जामीन मागितले.
चोपडे सरकारी वकील. सोमवार ते शुक्रवार
माझ्या वाक्यावाक्याला उठून हरकत घेतात,
शनिवारी माझी तर्री वेगळी बांधून आणतात,
कमी तिखट.

सहा मसुदे झाले.
भांडण एकाच शब्दावर अडलेलं.
'मुलाशी बोलताना पोलिसाने शक्यतो साध्या वेशात असावे.'
कुंदा म्हणाली, शक्यतो काढा.
चोपडे म्हणाले, काढला तर फाईल टेबलावरून हलणार नाही.
काझी म्हणाले, नियमात तो नाहीच, आपण कशाला घालतो?
चोपडे म्हणाले, नियमात नाही. ठाण्यात आहे.
यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.
कूलरमधलं पाणीही संपलं होतं.

मग अर्पिता उईके, माझ्या सातांपैकी एक,
मसुदा घेऊन निरीक्षणगृहात गेली.
तिला शिकवून पाठवलं होतं: खुर्चीत बसू नको,
'का केलंस' विचारू नको, घड्याळाकडे पाहू नको.
ती सतरंजीवर बसली आणि वाचत गेली.
विधिसंघर्षग्रस्त बालक,
या शब्दाला पोरं हसली. एकाने जीभ वळवून
तीनदा म्हणून पाहिला, तिन्ही वेळा वेगळा झाला.
तो हसला नाही. म्हणाला,
'मॅडम, हे शक्यतो म्हंजे का असते जी?'
अर्पिताने सांगितलं, जमेल तितकं. होता होईल तो.
'हां. साहेब बी म्हने, आमी शक्यतो मारत नाही.'
मग?
'मंग का. मारलं.'

हे तिने आम्हाला वाचून दाखवलं, वहीतून, खाली मान घालून.
चोपडे उठले, बादली घेतली,
मागच्या नळावरून दोन खेपा केल्या,
कूलर भरला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली.
परत येऊन म्हणाले, खोडा तो. मी सही करतो.

आणखी एक होतं तिच्या वहीत.
ती निघताना त्याने विचारलं होतं,
'माहं नाव टाकसान का त्याच्यात?'
नाही टाकता येत, तुझ्याच भल्यासाठी,
अर्पिता म्हणाली. मीच शिकवलेलं वाक्य,
माझ्याच सुरात.
'मंग कोनाले कसं समजन, म्याच सांगतलं म्हून?'

सातवा मसुदा जूनमध्ये गेला, ऑगस्टात परतला.
पान तीन. हिरवी शाई.
दोन शब्दांच्या मध्ये काकपद,
आणि वर नेटक्या अक्षरात: शक्यतो.

आज पुन्हा शनिवार.
कूलर कोपऱ्यात गेला, त्याच्यावर फायली चढल्या.
काझी म्हणतात, माझ्या हयातीत नववा नको.
कुंदा आठव्याचं पहिलं पान टाइप करतेय,
चोपडे शेजारी उभे राहून प्रत्येक काना तपासतात,
जणू उद्या त्यांनाच उलटतपासणी द्यायची आहे.

पान तीन माझ्याकडे आहे.
त्या ओळीशेजारी समासात
मी दोन बोटं जागा जास्त सोडली आहे.
अर्पिताने विचारलं, इथे काही यायचंय का, मॅडम?
म्हटलं, नाही.
कोणी विचारलंच, तर छपाईची चूक म्हण.